मदत हवी: एसएफ बसवताना जीडाल नवं सापडतं, प्रोज मात्र जुनंच

राम राम मंडळी. रावेर तालुक्यातून लिहितेय. मे-जूनच्या वादळात तापीकाठच्या केळीबागा आडव्या होतात. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या आधीच्या आणि नंतरच्या चित्रांवरून गावनिहाय किती क्षेत्र पडलं ते काढायचंय, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात नकाशा असेल. काम आर भाषेत, नकाशाचा डेटा हाताळणाऱ्या एसएफ पॅकेजवर. त्याला जीडाल (नकाशाच्या फाइली वाचणारी लायब्ररी) आणि प्रोज (निर्देशांक पद्धत बदलणारी लायब्ररी) लागतात.

उबुंटू २२.०४ मध्ये जीडाल ३.४.१ येतं. मला ३.८ हवं होतं, म्हणून ते आणि प्रोज ९ सोर्समधून बांधून /ऑप्ट/जिओ मध्ये ठेवलं. जुनं काढता येत नाही, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं.

एसएफचं कॉन्फिगर (बसवण्याआधी लायब्ररी शोधणारी स्क्रिप्ट) आपणहून /यूएसआर/बिन मधलं जीडाल-कॉन्फिग उचलतं. --विथ-जीडाल-कॉन्फिग ने नव्याचा पूर्ण पाथ दिला की जीडाल ३.८ दाखवतं, पण प्रोज जुनंच, ८.२.१. कंपाइल बिनतक्रार होतं. मग बागांच्या सीमा ३२६४३ या निर्देशांक पद्धतीत न्यायला गेलं की प्रोज.डीबी (प्रोजची माहिती-फाइल) दुसऱ्याच इन्स्टॉलेशनची असल्याचा एरर. बॅशआरसीत (टर्मिनलच्या सेटिंग फाइलीत) पाथ बदलूनही आरस्टुडिओत काही फरक नाही. कुठे अडतंय?

प्रतिसाद:
ताई, एसएफचं कॉन्फिगर जीडालसाठी जीडाल-कॉन्फिगला विचारतं आणि प्रोजसाठी पीकेजी-कॉन्फिग या लायब्ररी शोधणाऱ्या टूलला. दुसऱ्याला तुमच्या /ऑप्ट/जिओ चा पत्ताच नाही. पीकेजी_कॉन्फिग_पाथ मध्ये /ऑप्ट/जिओ/लिब/पीकेजीकॉन्फिग द्या. प्रोज.पीसी फाइल तिथेच आहे ना ते आधी बघा, कधी कधी ती लिब६४ खाली जाते. मेनूतून उघडलेला आरस्टुडिओ बॅशआरसी वाचत नाही, म्हणून ही ओळ घरच्या फोल्डरमधल्या .आरएन्व्हायरन फाइलमध्ये टाका. आर बंद करून पुन्हा उघडा आणि एसएफ सोर्समधून नव्याने बसवा.

त्यानंतर एसएफ.एसओ वर एलडीडी (कुठल्या लायब्ररी जोडल्यात ते दाखवणारी कमांड) चालवा, ही पायरी सोडू नका. जुन्या प्रोजची लायब्ररी लिबप्रोज.एसओ.२२, नव्याची २५. दोन्ही दिसल्या तर भेसळ आहे. नवी सापडतच नसेल तर /ऑप्ट/जिओ/लिब हा पाथ एलडी.एसओ.कॉन्फ.डी (सिस्टीमच्या लायब्ररी-पाथांचं फोल्डर) मध्ये घालून एलडीकॉन्फिग चालवा. क्रमांक वेगळे असल्यामुळे क्यूजीआयएस आपलं २२ च घेईल.

धागाकर्ती:
भाऊ, मनापासून आभार! एलडीडीत २२ आणि २५ दोन्ही होते, आता फक्त २५ आहे. ३२६४३ चाललं, क्यूजीआयएसही उघडतं. जिओस (भूमितीची लायब्ररी) उबुंटूचंच आहे, नवं जीडालही त्याच्यावरच बांधलंय. ते तसंच ठेवू ना?

प्रतिसाद:
हो, एसएफ आणि जीडाल एकच जिओस वापरतात तोवर हात लावू नका.