कॉलेजचं म्युझिक मॅगझिन काढून रायलो, पण रिसर्च म्हणजे नेमकं करायचं काय?

पऱ्हाटी_बॉय

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्ह्याकडचे, बीए सेकंड इयर, पाच जणांचा ग्रुप. फिल्ड प्रोजेक्टसाठी सगळे पाणलोट नाहीतर बचतगट घेऊन रायले, आम्ही म्हटलं आपण म्युझिक मॅगझिन काढू, सोळा पानांचं, खरंखुरं छापलेलं. सर हो म्हणाले पण अट टाकली का आधी रिसर्च आणि प्लॅनिंगची फाईल दाखवा, मंग पुढचं बोलू. आता रिसर्च म्हणजे काय करायचं हेच समजून नाही रायलं. नेटवर पाह्यलं तर सगळे इंग्लंडातल्या पोरायचे प्रोजेक्ट दिसते, त्यायच्या हाताशी ढीगभर मॅगझिनं असते, कव्हर चिटकवते आणि बाण काढून लिहिते का हे मास्टहेड म्हणजे अंकाचं नाव, ही कव्हरलाईन म्हणजे कव्हरवरची लेखाची ओळ. आमच्या बस स्टँडच्या स्टॉलवर पंचांग, नोकरीचे पेपर आणि एमपीएससीची पुस्तकं. म्युझिक मॅगझिन ग्रुपमधल्या एकानंही हातात धरलेलं नाही.

गुगल फॉर्म बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. "तुम्हाला संगीत आवडते का" याले शंभर टक्के हो आलं, त्याचं आता काय करू? पोरी म्हणते भुलाबाईची गाणी घ्या, एक जण रॅप रॅप करते, माह्या डोक्यात भजनी मंडळ आहे. डिसेंबरमधी सबमिशन. नेटवरचे फोटो चालते का हेही सांगा. पैसे म्हणाल तर आपापसात वर्गणी, बस.

आर्वीची_ताई

तो फॉर्म फाईलला लावून ठेव, फेकू नको, सरांना दाखवायला कामी येईन. पण संगीत आवडते का म्हटल्यावर नाही कोण म्हणन रे भाऊ? अशा प्रश्नातून काही निघत नाही. त्यापेक्षा काल शेवटचं गाणं कोणतं ऐकलं, कुठं होता, कशावर वाजत होतं, मोबाईलवर का ट्रॅक्टरच्या टेपवर, आणि ते तूच लावलं होतं का दुसऱ्यानं, असं विचार. आणि एक प्रश्न नक्की टाक, मागच्या वर्षभरात समोर उभं राहून कोणाला गाताना-वाजवताना ऐकलं? मी पत्रकारितेच्या कोर्सला होती तेव्हा हाच प्रश्न हिंगणघाटकडच्या पोरींना विचारला होता, पहिल्या झटक्यात सगळ्या म्हणाल्या कोणालाच नाही, मग एकीला आठवलं की लग्नातला बँड, दुसरीला कीर्तन, तिसरीचा मामाच हार्मोनियम वाजवतो, आणि तिथून जे गप्पांचं मोहोळ उठलं ते थांबेचना. फॉर्ममधे हे कधीच आलं नसतं, कारण फॉर्म भरणारा घाईत असतो. म्हणून कागद-पेन घेऊन संध्याकाळी एसटी स्टँडवर जा, पासवाल्या पोरी गाडीची वाट पाहत बसलेल्याच असतात.

किमतीचंही तसंच. "२० रुपयाला घ्याल का" म्हटलं तर तुझं मन राखायला घेईन म्हणतील. दोन कव्हरं बनव, कच्चीच, एकावर गावातला ढोलकीवाला आणि एकावर कॉलेजची पोरगी हेडफोन लावून. टेबलावर दोन्ही ठेव अन् गप्प बस. हात आधी कशाला जातो ते लिहून घे.

मॅगझिन पाहायला भेटत नाही म्हणतो तर तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंकाचे गठ्ठे असतात. १९०९ मधे 'मनोरंजन'नं पहिला काढला तेव्हापासून मराठीत मॅगझिन कसं रचायचं याची शाळा तीच आहे. त्यात अनुक्रमणिका कुठं आहे, लेखाचं पहिलं पान कसं उघडते, जाहिराती कुठं घुसवल्या, मुखपृष्ठावर किती नावं, हे पाहा. तुझे बाण तिथं काढ. आणि इंग्रजी पोरांच्या फाईलीत एनएमई दिसलंच असेल, १९५२ चं तिकडचं म्युझिक साप्ताहिक, २०१५ ला फुकट वाटायला लागले आणि २०१८ ला साप्ताहिक छापणं बंद केलं. तुमच्या फाईलीत मला यापेक्षा रॉक स्ट्रीट जर्नल हे आपल्याकडचं रॉक म्युझिकचं मॅगझिन आवडेल, १९९३ मधे अलाहाबादेतून निघालं होतं. मुंबई-दिल्लीत नव्हे, अलाहाबादेत! सरांना हे उदाहरण द्या.

बेस_फुल

सगळे आता लोककला लोककला करन. कॉलेजचे अंक उघडून पाहा, दरवर्षी तेच वासुदेव, तेच गोंधळी, तोच नेटवरचा फोटो. पोरं ऐकते काय? संदल म्हणजे मिरवणुकीतली वाजंत्री ऐकते, डीजे ऐकते, रील ऐकते. अमरावती अकोल्याकडं लग्न असो का गणपती, संदलवाले आले का म्हातारे कोतारे पण हलते, मंग ते मॅगझिनमधी काहून नाही? डीजेवाल्याची मुलाखत घे ना भाऊ. गाडीवर किती बेस चढवला, जनरेटर कितीचा, पोलीस आले का काय करते. त्याच्यातच बातमी आहे. ध्वनी प्रदूषणाचे नियम २००० सालचे आहे, रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद, सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकते. आता या १० च्या ठोक्याले वरातीत नेमकं काय होते हे दोन रात्री उभं राहून पाह्यलं तरी चार पानं भरते.

झाडीकर

मी गडचिरोलीकडच्या वडसा साईडचा, ऑर्गन वाजवतो, झाडीपट्टीत. बेस_फुल भाऊंचं बरोबर हाय पण आमाले वगळू नका. तुमच्या यवतमाळ साईडच्या पोरायले झाडीपट्टी म्हंजे काय ते पण ठाऊक नसन. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, धानाचा पट्टा. दिवाळी झाली, धान निघाला का बांधीतच मंडप पडते, रात्री नाटक सुरू झालं का पहाटलोक चालते, ते बी तिकीट काढून लोक पाहाते बरं, शंकरपटाच्या, म्हंजे बैलायच्या शर्यतीच्या दिवशी त गावोगाव. कंपन्यायचे ऑफिस सगळे वडश्यात. आमच्या झाडीपट्टीतले नट खुणे सरांना, परशुराम खुणे, २०२३ ले पद्मश्री भेटली तेव्हा पेपरवाले आले, मंग गेले.

म्युझिक मॅगझिनले आमचं काय कामाचं ते सांगतो. नाटकात गाणे असते, मधात लावणी असते, आन वाजवणारे आमी तिघं-चौघं, ऑर्गन, तबला, ढोलक, आता ऑक्टोपॅड. आज एका गावात, उद्या शंभर किलोमीटरवर दुसऱ्या कंपनीत, तालीम नाही. हिरोईन पुण्याहून आली असन, तिची पट्टी मले स्टेजवरच समजते. ती पहिली ओळ उचलते, मी एका हातानं सूर धरतो आन दुसऱ्या हातानं तबलेवाल्याले इशारा करतो, खाली का वर. तबला दुसऱ्या सुराले लागला असन त तो चालू नाटकात हातोडी घेऊन ठोकते, पब्लिकले वाटते हे पण गाण्यातच हाय. असं विचारायले या. पण सीजनमधी आमाले झोप नसते, म्हणून दिवाळीच्या आधी फोन करा नाहीतर दुपारी दोन नंतर. सकाळी फोन केला त शिव्या खाल.

पऱ्हाटी_बॉय

दादा एक नंबर! इतक्या दूर येणं जमणार नाही पण फोनवर नक्की बोलू, रेकॉर्ड केलं तर चालन का?

ताईचे प्रश्न घेऊन काल स्टँडवर गेलो होतो. एक काकू म्हणे मी तर कालच ऐकलं, घंटागाडीचं. सगळे हसले, पण मंग ग्रुपमधी त्याच्यावरच चर्चा झाली का आपल्या गावात एका आठवड्यात काय काय वाजते तेच मॅगझिन केलं तर? पहाटे काकडा, मंग अजान, घंटागाडी, भाजीवाल्याचा भोंगा, शाळेची प्रार्थना, गुरुवारचं भजन, कोणाच्या घरी मयत झाली तर रात्रभर टाळ. बाजूलेच बंजाऱ्यायचा तांडा आहे, होळीले लेंगी गाणे म्हणते, पण होळी डिसेंबरच्या नंतर येते. पोळ्याले तोरणाखाली म्हणते त्या झडत्या मात्र जमते, पोळा आता आलाच.

आर्वीची_ताई

हे घे! हाच तुमचा अंक. आता कॅलेंडर घेऊन बस, कारण तुमच्याकडे जे वाजते ते तारखेवर वाजते. पोळ्याला झडत्या, त्या दिवशी तोरणाखाली मोबाईल घेऊन जो उभा असेल त्याचं नाव आजच ठरव. मग भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे पोरींना महिनाभर वेळ आहे, रोज एका घरी जाऊन गाणी आणि खिरापत. त्यातली खिरापत ओळखायची जी गंमत असते, डबा हलवून आवाजावरून ओळखतात, ती पण घ्या, तोही आवाजच आहे ना. दिवाळीआधी मोझरीला तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव, खंजिरीवाले शोधत हिंडायचं काम नाही. त्यांना भक्तीवर नका विचारू, सगळे तेच बोलतात, खंजिरीला कातडं कशाचं, पावसाळ्यात सैल झालं तर काय करता, झांजेच्या चकत्या कुठून आणता हे विचारा. लेंगीसाठी होळीची वाट कशाला, तांड्यातल्या बाईला बसून विचारा की होळी नसताना म्हणता येते का. नाही म्हणाली तर तेच छापा.

निवृत्त_ग्रंथपाल

मुलांनो, उत्साह छान आहे, दोन गोष्टी कायद्याच्या ऐकून घ्या. नेटवरचे फोटो अजिबात घेऊ नका, ते कोणाचे तरी असतात. स्वतः काढा. गाण्यांचे शब्दही तसेच. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा, लेखक-कवीच्या निधनानंतर ६० वर्षे त्याचे शब्द सुरक्षित राहतात. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे २०२८ संपेपर्यंत त्यांची भजने त्यात येतात. परीक्षण लिहिताना एकदोन ओळी उद्धृत केल्यास हरकत नाही, अख्खे भजन छापायचे तर रीतसर परवानगी घ्या. भुलाबाईची पारंपरिक गाणी कोणा एकाची नाहीत, पण ती ज्या आजींनी म्हटली त्यांना विचारूनच घ्या आणि त्यांचे व गावाचे नाव गाण्याखाली छापा. त्या आजी पुढच्या वर्षी तुम्हाला दारात उभे करतील की नाही हे त्यावर ठरते. फोनवर रेकॉर्ड करताना सुरुवातीलाच "रेकॉर्ड करतोय, छापणार आहोत, चालेल ना" हे वाक्य आणि समोरच्याचा होकार त्याच रेकॉर्डिंगमध्ये येऊ द्या.

एकच अंक काढणार असाल तर नोंदणीची भानगड नाही. पुढे दर तीन महिन्यांनी काढू असे डोक्यात आले तर आधी प्राचार्यांशी बोला. नियतकालिकांच्या नोंदणीचा १८६७ चा जुना कायदा गेला, २०२३ चा नवा आला, १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे.

डीटीपी_पुलगाव

मी प्रेसमधे बसतो, मले पैशाचं बोलू द्या. सोळा पानं म्हणता ते कव्हर धरून का कव्हर सोडून? पिन मारायची असन तर पानं चारच्या पटीतच येते, १६ नाहीतर २०, अठरा म्हणून कोणी आलं का माह्या कपाळावर आठ्या. आत्ताच चार कोरे ए-फोर कागद मधात दुमडा, एकात एक घाला, झाली १६ पानांची डमी. पेन्सिलनं नंबर टाका. मंग दिसन का एकाच कागदावर पान १ आणि १६ येते. मधलं पान ८-९ हेच एक असं आहे का जे सलग एका कागदावर येते, म्हणून मोठा आडवा फोटो तिथंच लावा, दुसरीकडं लावला तर ढोलकी अर्धा सूत वर-खाली होते. आठवड्याचा तक्ता म्हणता तो पण तिथंच शोभते.

दुसरं, मॅटर. तुम्ही मोबाईलवर टाईप करणार ते युनिकोड, आन अर्ध्या प्रेसमधे अजून श्रीलिपी नाहीतर कृतिदेव हे जुने फॉन्ट चालते. कन्व्हर्ट करतानी "वऱ्हाड"मधला ऱ्हच आधी मरते, त्याच्या मांगं ॲ. म्हणून प्रेसवाल्याले पहिला प्रश्न हाच विचारा, युनिकोड घेता का? नाही म्हटलं तर स्वतः पानं लावा, पानं लावायचं स्क्रायबस सॉफ्टवेअर फुकट आहे, १.५ च्या नंतरच्या व्हर्जनमधे मराठी बरोबर जुळते, फॉन्ट मुक्ता घ्या, तो पण फुकट, आणि पीडीएफ द्या. पीडीएफ दिली का मी पण काही बिघडवू शकत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधे पाठवले का चेहऱ्याचा भगराच होते. कॉपी शंभर-दीडशे असन तर डिजिटल प्रिंट करा, ऑफसेटले प्लेटचा खर्च पह्यलेच लागते, तो हजार कॉपीवर फिटते, शंभरावर नाही. आतली पानं ब्लॅक अँड व्हाईट, कव्हर कलर. जाहिरात शोधाले मंडपवाला, साउंडवाला, कृषी केंद्र, याच क्रमानं जा.

बेस_फुल

क्यूआर कोड टाका रे पानावर, झडत्या वाचून काय मजा, ऐकू आल्या पाहिजे.

डीटीपी_पुलगाव

टाका पण दोन सेंटीमीटरपेक्षा बारीक नको, आणि कोडच्या चारी बाजूनं पांढरी जागा सोडा. कॉलेजच्या मेल आयडीच्या ड्राईव्हवर ठेवू नका, पास झाले का आयडी बंद होते आन अंकातले सगळे कोड मुके.

पऱ्हाटी_बॉय

डमी बनवली! चार कागद, खरंच १ आन १६ एकत्र आले. ८-९ वर आठवड्याचा तक्ता. संदलवाल्याले ३ पानं, झाडीकर दादाले २, भुलाबाई पोरींकडं, बाकी अजून भांडण चालू आहे. नावात "वऱ्हाडी" पाहिजेच म्हणते सगळे, पण भाऊ तुम्ही तर ऱ्हची भीती घातली.

डीटीपी_पुलगाव

नाव फॉन्टमधे करूच नको ना. तुमच्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नावं लिहिणारा पेंटर असनच, त्याच्याकडून कोऱ्या ड्रॉइंग पेपरवर काळ्या रंगानं मोठ्ठं लिहून घे, खाली सही पण करायले लाव, कलाकार आहे तो. दिवसाउजेडी सरळ वरून फोटो काढ आणि मले पाठव, मी साफ करून देतो. पैशाचं त्याच्याशी आधी बोलून घे.