‘पॅराट्रान्झिट’ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर: शहर वाहतुकीवरच्या एका इंग्रजी अहवालाचं मराठी करतोय, गल्लीतल्या बैठकीत वाचून दाखवायला. ‘पॅराट्रान्झिट’पाशी अडलो. अर्थ कळतो: वेळापत्रकाची सिटी बस नाही, स्वतःची गाडीही नाही, मधलं सगळं. शेअर रिक्षा, मॅक्सी कॅब, टेम्पो. निमलष्करीच्या चालीवर ‘निमसार्वजनिक वाहतूक’ लिहिलं, तर मित्र म्हणाला, गच्च भरून जाणारी रिक्षा निम्मी कशी?

निपाणीकर: बरोबर बोलला. शब्द आहे की आपल्याकडे, वडाप! कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात पोरासोरांनाही कळतो. लहानपणी आजोळी जाताना आई स्टँडवर एवढंच विचारायची, “वडाप लागलंय काय?” मूळ ‘ओढणे’च असणार. आमच्याकडे ओढ्याला वढा म्हणतात, आणि क्लीनर शीट, म्हणजे प्रवासी, ओढतोच.

अनगोळकर: मग ‘ढ’चा ‘ड’ कसा झाला? आणि दळप, कांडप, वाढप यांत ‘अप’ आहे, ‘आप’ नाही. ओढून ताणून व्युत्पत्ती नको. शिवाय ‘निम’ फारसी. ग्रीक ‘पारा’ म्हणजे शेजारी, निम्मं नव्हे. आपला ‘उप’ तेच सांगतो, उपनगर बघा. ‘उपवाहतूक’ म्हणा.

शहापूरकर: ‘उप’ ऐकलं की लोकांना खालचा हुद्दा आठवतो, उपअधीक्षकासारखा. बेळगावात वडापही चालणार नाही, इथं टमटम. कन्नड बोलणारा शेजारीही टमटमच म्हणतो. दोन्ही भाषांत चालणारा शब्द हातात असताना तिसरा का घडवायचा?

अनगोळकर: आज त्यात तीनचाकी आहे, उद्या दुसरं काही येईल. धोरणाचा शब्द वाहनाच्या नावावर बांधू नये. आणि टिळकवाडीकर, अहवाल कुठला आहे ते आधी बघा. अमेरिकेत 1990च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर हा शब्द मुख्यतः दिव्यांगांना मागणीनुसार मिळणाऱ्या गाडीसाठी वापरतात. तिथं टमटम लिहिलंत तर अर्थच बदलेल.

टिळकवाडीकर: अहवाल आपल्याकडचाच आहे. ‘पूरक वाहतूक’ चालेल?

खानापूरकर: मला नाही चालणार. पूरक कशाला? 2006च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणातही ही वाहनं अधूनमधून लागणारी धरली आहेत, सामान घेऊन स्टेशन गाठायला किंवा तातडीच्या कामाला. बस अपुरी असली की हीच रोजची होतात, हेही तिथंच मान्य केलंय. वडील उद्यमबागेत कामाला होते. सुटी झाल्यावर बस गेलेली असायची, तेव्हा टेम्पोच त्यांना घरी आणायचा. त्याला पूरक म्हणताना माझी जीभ अडते. खरी अडचण परवान्याची आहे. टप्पा वाहन थांब्याथांब्यावर माणसं घेतं, कंत्राटी वाहन ठरवून नेतं. रिक्षा कागदावर कंत्राटी, रस्त्यावर टप्पा. आराखड्यात नाव नसेल तर थांबा कुणाला आखून देणार? पोलीस येताना दिसला की शीट अर्ध्या रस्त्यात उतरवतात.

निपाणीकर: म्हणून तर वडाप! त्या शब्दात मार्गही आला, शीट भरेपर्यंतचं थांबणंही आलं. टमटम म्हणजे नुसतं वाहन.

शहापूरकर: “टमटमनं आलो” म्हणतो तेव्हा एकट्याने भाडं देऊन आलो असा अर्थ इथं कुणी घेत नाही. आणि हा शब्द रिक्षाच्या आधीचा. आमची आजी घोड्याच्या गाडीला टमटम म्हणायची.

निपाणीकर: घोड्याचा तो टांगा.

शहापूरकर: टांगा वेगळा, टमटम वेगळी. आजी दोन्हींत बसलेली होती.

अनगोळकर: टमटम की टमटमी? आमच्या घरी ‘ती टमटमी’ म्हणत.