मदत हवी आहे : सेल्फचा वरचा बोल्ट हाती लागत नाही

वडिलांच्या काळातला जुना ट्रॅक्टर आहे. सेल्फ (इंजिन चालू करणारी स्टार्टर मोटर) उतरवायचाय. बॅटरीची वायर सोडली, खालचे दोन बोल्ट निघाले, पण वरचा इंजिनाच्या बाजूला असा दडलाय की दिसतही नाही, बोटांनीच चाचपावा लागतो. गोटी (सॉकेट पाना) बसते, पण दांडा फिरवायला जागा नाही. फिक्स पाना उलटसुलट करून पाहिला, तर डोक्याचे कोपरे झिजायला लागले, म्हणून लगेच थांबलो. बोल्ट सैल व्हावा म्हणून त्यावर रात्रभर डिझेल सोडून ठेवलंय. शेजारूनच डिझेलचा पाइप जातो, त्यामुळे गॅसने तापवायची हिंमत नाही.

गोटीच्या लांब एक्स्टेन्शनला युनिव्हर्सल जॉइंट (तिरका वळणारा सांधा) लावून मागून जोर लागेल का? की जुना रिंग पाना तापवून वाकवू? कोणी केलं असेल तर कृपया सांगा, पेरणी तोंडावर आलीय.