मॅन पानातला पर्याय कॉपी केला की चालत नाही, अप्रोपॉसला पान सापडत नाही: मदत हवी आहे

काटापट्टी:
रावेर-सावद्याच्या केळी खरेदीचा हिशोब करणाऱ्या २६ बॅश स्क्रिप्ट (कमांडच्या फाइली) डेबियन लिनक्स सर्व्हरवर आहेत. प्रत्येकीची माहिती मराठीत, मार्कडाउनमध्ये (साध्या खुणांच्या मजकुरात). पॅनडॉकने (मजकुराचा प्रकार बदलणारं साधन) त्यांची मॅन पानं (‘मॅन’ कमांडने उघडणारी मदतीची पानं) करून ती होम फोल्डरच्या .लोकल/शेअर/मॅन/मॅन१ मध्ये ठेवली. पानं उघडतात, पण:

१. पानावरून ‘--तारीख’ कॉपी करून चालवलं की ‘फाइल सापडली नाही’ येतं. हाताने टाइप केलं की चालतं.
२. ‘अप्रोपॉस केळी’ला उत्तर शून्य (अप्रोपॉस म्हणजे मॅन पानांची नावं-वर्णनं शोधणारी कमांड).
३. ‘--हेल्प’ एक सांगतं, पान दुसरंच. हे कायम जुळतं कसं ठेवायचं?

तापीकाठ:
भाऊ, पहिल्याचं मूळ बहुतेक पॅनडॉकमध्ये आहे. त्याच्या मार्कडाउनमध्ये ‘स्मार्ट’ ही सोय आधीपासून चालू असते आणि ते दोन लघुरेघांची एक मोठी रेघ करतं. स्क्रिप्टला तो पर्याय वाटतच नाही, ती त्याला फाइलचं नाव समजते. खात्री करायची तर कॉपी केलेला मजकूर ‘ओडी -सी’मधून काढा, ते अक्षरांचे आकडी कोड दाखवतं. ३४२ २०० २२३ दिसलं तर पॅनडॉकची मोठी रेघ. ३४२ २०० २२० दिसलं तर दोष रॉफचा (मॅन पानं ज्या मांडणी-भाषेत असतात ती): तिथे साधी रेघ जोडरेघ म्हणून छापली जाऊ शकते, म्हणून हाताने लिहिलेल्या पानात पर्यायाच्या प्रत्येक रेघेआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

उपाय: पॅनडॉकच्या ‘-एफ’ला (मूळ मजकुराचा प्रकार) नुसतं मार्कडाउन न देता त्याला जोडून ‘-स्मार्ट’ द्या. शिवाय पर्याय नेहमी बॅकटिकमध्ये (उलट्या अवतरणचिन्हांत) लिहा, तिथे स्मार्ट हात लावत नाही. मी दोन्ही करायला सांगेन, कारण उद्या दुसरं कोणी बिल्डची (पानं बनवायची) ओळ बदलेल. आणि पॅनडॉकचा ‘-एस’ विसरू नका, त्याशिवाय पानाला टीएच ही शीर्षकाची ओळच येत नाही.

अहिराणीवाला:
दुसऱ्याचं सांगतो. पहिल्या विभागाचं शीर्षक ‘नाव’ असं मराठीत केलंय ना? अप्रोपॉसची यादी मॅनडीबी ही कमांड बनवते आणि ती तेवढाच विभाग वाचते. इंग्रजी ‘नेम’ तिला कळतं, आणखी काही भाषांतली शीर्षकं कळतात, मराठी नाही. बाकी सगळी शीर्षकं खुशाल मराठीत ठेवा, हे एक इंग्रजी मोठ्या अक्षरांत. त्याखाली एकच ओळ: स्क्रिप्टचं नाव, जागा, रेघ, जागा, वर्णन. वर्णनात ‘केळी’ हा शब्द हवा, नाहीतर शोधणार कशात?

पान बसवण्याआधी त्यावर ‘लेक्सग्रोग’ ही तपासणीची कमांड चालवा. नाव आणि वर्णन छापलं तर ठीक, ‘पार्स फेल्ड’ आलं तर मॅनडीबीलाही ते वाचता येणार नाही. मग यादी नव्याने करायला ‘मॅनडीबी -यू’.

एक सापळा: बॅशआरसीमध्ये (बॅशची सेटिंग फाइल) मॅनपाथ, म्हणजे पानं कुठे शोधायची ती यादी, लिहिला असेल तर त्याच्या शेवटी अपूर्णविराम (कोलन) आहे का बघा. तो नसेल तर सिस्टिमची पानं गायब होतात आणि ‘मॅन एलएस’सुद्धा उघडत नाही. .लोकल/बिन पाथमध्ये (कमांड शोधायच्या यादीत) असेल तर मॅनपाथ लिहायची गरजच नाही, शेजारचं शेअर/मॅन आपोआप सापडतं.

काटापट्टी:
शीर्षक ‘नाव’च होतं! ओडीत २२३ आलं. मग तिसऱ्याचं? हेल्प२मॅन वापरू का?

तापीकाठ:
हेल्प२मॅन ‘--हेल्प’ आणि ‘--व्हर्जन’ वाचून पान बनवतं. दोन ओळींच्या स्क्रिप्टला पुरेसं आहे, पण तुमच्या पानांत काट्याची तूट, दर क्विंटलमधून किलोत आणणं असं समजावलेलं असणार. ते सगळं ‘--हेल्प’मध्ये कोंबू नका. मजकूर वेगळा राहू द्या, फक्त पर्यायांची नावं तपासा.

‘--हेल्प’मधून दोन रेघांचे शब्द ग्रेप -ओने (नमुन्याशी जुळलेलं तेवढंच काढणारी कमांड) काढा, ‘सॉर्ट -यू’ करून (क्रम लावून, दुबार नावं काढून) एका फाइलीत. ‘मॅन -एल’ने उघडलेल्या पानाचंही तसंच, दुसऱ्या फाइलीत. मॅनविड्थ (पानाची रुंदी) २०० ठेवा, म्हणजे पर्याय ओळीच्या टोकाला तुटण्याची शक्यता कमी. मग दोन्ही फाइलींवर ‘कॉम -३’, ते एकाच फाइलीत असलेली नावं छापतं. काही छापलं की बिल्ड थांबवा. सॉर्ट आणि कॉम दोघांना एलसी_ऑल (भाषेचं सेटिंग) सी असं एकच ठेवा, नाहीतर सॉर्टचा क्रम वेगळा लागून कॉम तक्रार करतं.

अहिराणीवाला:
ग्रेपच्या नमुन्याआधी दोन रेघा आणि जागा द्या, भो, नाहीतर ग्रेप नमुन्यालाच स्वतःचा पर्याय समजतं.

काटापट्टी:
झालं. कॉमने ७ नावं दाखवली. ५ पर्याय स्क्रिप्टमधून कधीच काढलेले, पानात तसेच होते. उरलेले २ ‘--हेल्प’मध्ये आहेत, पानात नाहीत, ते आज लिहितो.