रेल्वेप्रेमींच्या मेळाव्यातली पोस्टकार्डं आणि तिकिटं: काय घ्यावं, शिक्का कसा मिळवावा, जपावं कसं?

खारेगाव_फाटक
पुढच्या महिन्यात ठाण्यात रेल्वेप्रेमींचा मेळावा आहे. मॉडेल आणि जुनी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं असतीलच, शिवाय इंजिनांच्या चित्रांची पोस्टकार्डं, स्पेशल कव्हरं (खास प्रसंगासाठी छापलेली टपालाची पाकिटं) आणि माय स्टॅम्पही (स्वतःचं चित्र छापून घेतलेली टपाल तिकिटं) मिळतील. मला ठाणे–नवी मुंबईच्या रेल्वेवर एकसंध संग्रह करायचा आहे. काय निवडावं? कार्डावर टपाल तिकीट लावून टपाल कार्यालयाचा शिक्का घ्यायची नेमकी रीत काय? घर खाडीला लागून आहे, तर पावसाळ्यात हे टिकवावं कसं?

चरई
आधी विषय अरुंद करा. नुसतं ‘रेल्वे’ म्हटलं की अल्बम भरत राहतो, संग्रह होत नाही. तुमच्या भागात दोन विषय चांगले आहेत.

पहिला, १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी आणि तिच्यापासून सुरू झालेली वाफेच्या इंजिनांची परंपरा. यासाठी टपालखात्याची तिकिटं भरपूर आहेत: १९५३ चं शताब्दीचं दोन आण्यांचं, १९७६ चा चार इंजिनांचा संच, १९९३ चा डोंगरी रेल्वेच्या इंजिनांचा संच (त्यात आपलं माथेरानचं इंजिन आहे), २००२ चं दीडशे वर्षांचं आणि २००९ चा ऐतिहासिक स्थानकांचा संच.

दुसरा, मुंबईचा डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचा) काळ. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी–कुर्ला हार्बर मार्गावर १५०० व्होल्टवर पहिली विजेची गाडी धावली आणि २०१६ मध्ये त्याच हार्बरवरून डीसी गेलं. वाशीचा खाडीपूल आणि ट्रान्स-हार्बर (ठाणे–नवी मुंबई मार्ग) याच धाग्यात बसतात. इथे टपाल तिकिटं थोडी आणि हौशी मंडळींनी छापलेली कार्डं जास्त, म्हणून मेळाव्यात शोधायचा माल हाच. डब्ल्यूसीएएम-३ सारख्या दोन्ही विद्युतप्रवाहांवर चालणाऱ्या इंजिनांची कार्डं दिसली तर सोडू नका. पण मागची ओळ वाचून घ्या. इंजिनाचा वर्ग, शेड (ते जिथे ठेवतात ते केंद्र) आणि फोटोचं ठिकाण नसलेलं कार्ड नंतर ओळखणं फार अवघड जातं, आणि डब्ल्यूसीएएम-२ आणि ३ ची अदलाबदल छापील कार्डांवरही होते. माहिती नसेल तर छापणाऱ्याला तिथेच विचारा आणि मागे मऊ पेन्सिलीने हलकं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या चित्रावर उमटतो, जेलची शाई दमट हवेत फुटते.

प्रत्येक कार्डाच्या दोन प्रती घ्या, एक कोरी आणि एक शिक्क्यासाठी.

लूपलाइन
शिक्क्याबद्दल. कार्डाच्या चित्र असलेल्या बाजूवर तिकीट लावून त्यावर शिक्का घेतला की ते मॅक्झिमम कार्ड. त्यात चित्र, तिकीट आणि शिक्का तिघांचं जुळलं पाहिजे: विषय, जागा आणि वेळ. आपल्याकडचं सोपं आणि नेटकं उदाहरण म्हणजे सीएसएमटीच्या इमारतीचं कार्ड, त्यावर २००९ च्या संचातलं मुंबई सीएसटीचं तिकीट आणि शेजारच्याच मुंबई जीपीओचा शिक्का. वेळ थोडी सैल राहते, कारण तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का आता मिळणार नाही. बाकी दोन्ही पक्कं बसतं. कार्डावर तिकिटाचंच चित्र मोठं करून छापलेलं असेल तर ते चालत नाही, चित्र स्वतंत्र हवं.

ठाण्यासाठी २००२ चं तिकीट, स्थानकाचं किंवा जुन्या इंजिनाचं कार्ड आणि ठाणे मुख्य टपाल कार्यालयाचा (४००६०१) १६ एप्रिलचा साधा तारीखशिक्का. वार बघून ठेवा, २०२८ मध्ये १६ एप्रिल रविवारी येतो. १९५३ चं तिकीट यासाठी घेऊ नका. आण्यातलं तिकीट आज टपालाला चालत नाही, त्यावर काउंटरवर शिक्का मिळणार नाही.

तिकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात, कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत. मागचा गोंद ओल्या स्पंजने भिजवा, फेविकॉल किंवा ग्लू स्टिक नको. काउंटरवर कार्डाखाली वर्तमानपत्राच्या सात-आठ घड्या ठेवा, म्हणजे शिक्का सगळीकडे सारखा उठतो. आधी रद्दी कागदावर एक मारून बघायची विनंती करा. निम्मा तिकिटावर, निम्मा कार्डावर, गावाचं नाव आणि तारीख दोन्ही वाचता आली पाहिजेत. सकाळी काउंटर उघडल्यावर जा, दुपारच्या गर्दीत कोणालाच इतका वेळ देता येत नाही.

खारेगाव_फाटक
मेळाव्यातली बरीच कार्डं चकचकीत असतात. त्यावर तिकीट टिकतं का?

लूपलाइन
नाही. लेपात पाणी मुरत नाही, त्यामुळे गोंद वाळला की तिकीट कोपऱ्यातून सुटतं. शाईही वरच राहते आणि बोट लागलं की पसरते. २५० ते ३०० जीएसएमचं (कागदाच्या वजनाचं माप) मॅट कार्ड मागा. लॅमिनेशन केलेलं तर घेऊच नका. चकचकीतच मिळालं तर ते कोरी प्रत म्हणून ठेवा. मॅटवरही शिक्का घेतल्यावर एक दिवस उघडं वाळू द्या, मगच बटर पेपर लावून पाकिटात घाला.

घणसोलीकर
खाडीची हवा असली तर सर्वांत आधी पीव्हीसीचे पाऊच काढून टाका. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ कालांतराने बाहेर येतो, कार्ड चिकट होतं आणि शाई प्लास्टिकला लागते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे घ्या. अल्बम कपाटात उभे ठेवा. आडवे रचले तर खालच्या पानांवर वजन येऊन मिंट (कोऱ्या, न वापरलेल्या) तिकिटांचा गोंद पानाला धरतो. कपाट पावसाच्या झोताच्या भिंतीला टेकलेलं नको. हवाबंद डब्यात रंग बदलणारं सिलिका जेल ठेवा, नारिंगी हिरवं झालं की गरम करून पुन्हा वापरता येतं. डांबरगोळ्या जवळ नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं मऊ पडतात. जून ते सप्टेंबर अल्बम कोरड्या दिवशीच उघडा.

तिकीट पानाला चिकटलंच तर ओढू नका, कागद सोलून निघतो. बंद डब्यात ओला स्पंज, त्यावर जाळी, जाळीवर ते पान, आणि काही तास धीर धरा. गोंद सैल होतो, मग चिमट्याने हळूच उचला. पण त्या पानावर शिक्क्याचं कार्ड असेल तर ते आधी बाजूला काढा. तपकिरी बुरशीचे ठिपके दिसले तर ते नग लगेच वेगळे करा. ठिपके जात नाहीत, पण शेजारच्यांना लागण थांबते. ब्लीचचे उपाय कागद कमजोर करतात.

चरई
पुढे संग्रह टपाल तिकिटांच्या प्रदर्शन-स्पर्धेत मांडायचा विचार असेल तर एक आत्ताच ठरवा. थीमॅटिक (एका विषयावरच्या संग्रहांच्या) वर्गात नुसतं चित्राचं पोस्टकार्ड चालत नाही, तिथे तिकिटं, शिक्के, टपालसाहित्य आणि मॅक्झिमम कार्डं. माय स्टॅम्पवरचं हौशी चित्रही टपालखात्याच्या तिकिटाची जागा घेत नाही. कोरी कार्डं आणि पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटं दाखवायची असतील तर ओपन फिलाटेलीचा वर्ग, त्यात अशी सामग्री निम्म्यापर्यंत घेता येते. प्रदर्शनाच्या एका फ्रेममध्ये (मांडणीच्या चौकटीत) ए-फोर आकाराची १६ पानं बसतात, म्हणून डीसी काळाच्या फ्रेमसाठी १६ पानांचा कच्चा आराखडा आधी कागदावर काढा आणि मेळाव्याला त्यातली रिकामी पानं बघूनच खरेदी करा.