रिस्क-फाइव्ह असेंब्लर: 'एमआर्च' फक्त मेकफाइलमध्ये, की .एस फाइलीतही?

सांधेजोड
रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेवर ग्नू असेंब्लर (असेंब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसमोर माझं मत ठेवतो. '-एमआर्च' (कोणते सूचना-संच चालतील हे सांगणारा पर्याय) मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या आज्ञांच्या फाइलीत, एकाच ओळीत असावा. असेंब्लीच्या .एस फाइलींमध्ये '.ॲट्रिब्यूट आर्च' किंवा '.ऑप्शन' (अशा गोष्टी फाइलीतूनच ठरवणाऱ्या ओळी) लिहायला प्रकल्पात सरळ बंदी घालावी.

2022 मध्ये बिनयुटिल्स (ज्यात हा असेंब्लर येतो तो संच) 2.38 आलं आणि आमचा चालता बूटकोड 'सीएसआरआर' या नियंत्रण-रजिस्टर वाचणाऱ्या सूचनेवर अडला. आधी या सूचना मूळ 'आय' संचातच धरल्या जायच्या. 20191213 च्या स्पेकमध्ये (सूचना-संचाच्या अधिकृत दस्तऐवजात) त्या 'झिसीएसआर' म्हणून वेगळ्या आहेत, 'फेन्स.आय' ही सूचना 'झिफेन्सआय'मध्ये आहे, आणि 2.38 ने तीच स्पेक डिफॉल्ट केली. एका प्रकल्पात 'एमआर्च'च्या 'आरव्ही32आयएमएसी' (32-बिट; आय, एम, ए, सी संच) या किमतीपुढे '_झिसीएसआर_झिफेन्सआय' जोडलं आणि पाच मिनिटांत काम झालं. दुसऱ्यात जो तो आपल्या फाइलीच्या डोक्यावर आर्किटेक्चर लिहून बसला होता. तिथे दोन दिवस गेले.

बिटमोजणी
बंदीला माझा ठाम विरोध. व्हेक्टर्ड इंटरप्टचा (प्रत्येक इंटरप्टला स्वतंत्र नोंद असलेला) तक्ता कधी लिहिलाय का? त्या मोडमध्ये हार्डवेअर 'एमटीव्हेक' रजिस्टरमधल्या पायाच्या पत्त्यापासून कारण-क्रमांक गुणिले 4 बाइट पुढे जातं. मशीन टायमरचा क्रमांक 7, म्हणजे 28 व्या बाइटावर. तक्त्यात आपण 'जे हँडलर' (हँडलरवर उडी मार) अशा ओळी एकाखाली एक लिहितो. आता कमांडवर 'सी' (2 बाइटांच्या छोट्या सूचनांचा संच) आहे, म्हणून असेंब्लर जवळची प्रत्येक उडी 2 बाइटांत बसवतो. टायमरची नोंद 14 व्या बाइटावर सरकते आणि टायमर आला की प्रोसेसर भलतीकडेच जातो. एरर नाही, वॉर्निंगही नाही. हा बग शोधायला मला एक अख्खा आठवडा लागला होता.

इलाज फाइलीतच आहे: '.ऑप्शन पुश' (आधीची मांडणी जपा), '.ऑप्शन नोआरव्हीसी' ('सी' बंद), मग तक्ता, मग '.ऑप्शन पॉप' (आधीची मांडणी परत). चार बाइटांची गरज त्या तक्त्याला आहे, तर ती तक्त्याशेजारीच लिहिलेली हवी. तेवढ्यासाठी सगळ्या कोडचा 'सी' काढला तर फ्लॅश वाया जाते.

'जीपी' (ग्लोबल पॉइंटर रजिस्टर) भरायची ओळही तशीच. तिथे 'नोरिलॅक्स' (लिंकरने सूचना छोट्या करू नयेत) नसेल तर लिंकर ती ओळ 'जीपी'च्याच आधारे छोटी करतो, आणि रजिस्टरमध्ये आधी जे होतं तेच राहतं. यासाठी कमांडवर '-एमनो-रिलॅक्स' देणार का? मग पूर्ण फाइलीचं रिलॅक्सेशन गेलं.

सांधेजोड
या दोन्ही जागा मान्य, शब्द मागे घेतो. पण 'नोआरव्हीसी' आणि 'नोरिलॅक्स' हात आखडता घेतात. '.ऑप्शन आर्च, +व्ही' (व्हेक्टर सूचनांना परवानगी) उलट दार उघडतं. बोर्डावर व्हेक्टर युनिट नाही आणि फाइल स्वतःच स्वतःला परवानगी देते. चूक असेंबल करताना सापडण्याऐवजी चिपवर इललीगल इन्स्ट्रक्शन म्हणून समोर येईल.

घाटमाथा
तुम्ही दोघंही कम्पायलरचा 'एमआर्च' आणि असेंब्लरचा 'एमआर्च' एकच समजताय. कम्पायलरला 'डी' (डबल-प्रिसिजन संच) दिला की तो मनाने दशांश (फ्लोटिंग-पॉइंट) सूचना वापरू शकतो. असेंब्लरला ती नुसती परवानगी असते, सूचना आपणच लिहितो ('सी' हा मोठा अपवाद, तो वर आलाच). लिनक्स कर्नलची मेकफाइल पाहा: सी फाइलींच्या 'एमआर्च'मधून 'एफडी' काढून टाकतात, असेंब्लीसाठी ठेवतात. कारण टास्क बदलताना दशांश रजिस्टरं जपून ठेवणारा कोड असेंब्लीत आहे. एक ओळ, एक किंमत हा नियम तिथेही टिकत नाही. '+व्ही'सुद्धा मला चालेल, मात्र चालू चिपवर व्हेक्टर आहे का हे तपासूनच त्या फंक्शनमध्ये शिरत असाल तर.

नवीनभरती
मी 'एमआर्च' म्हणून 'आरव्ही64जीसी' दिलंय, '-एमएबीआय' (फंक्शनना आर्ग्युमेंट कशी द्यायची तो करार, म्हणजे एबीआय, ठरवणारा पर्याय) दिलेलाच नाही. असेंबल नीट होतं, लिंकर मात्र सॉफ्ट-फ्लोट आणि डबल-फ्लोट मॉड्यूल जोडता येत नाहीत म्हणतो. माझ्या .एस फाइलीत दशांश सूचना एकही नाही!

सांधेजोड
'जी'मध्ये 'डी' आलाच, त्यावरून असेंब्लरने 'एलपी64डी' (डबल-फ्लोट एबीआय) धरलं. तुमच्या सी फाइली 'एलपी64'वर (सॉफ्ट-फ्लोट एबीआयवर) बांधलेल्या असणार. सूचना वापरली की नाही हे तो बघत नाही, ऑब्जेक्ट फाइलीच्या ईएलएफ हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीत) तशी खूण करून ठेवतो. असेंब्लरलाही '-एमएबीआय=एलपी64' द्या. ही खूण '.ऑप्शन'ने बदलता येत नाही, ती कमांडवरूनच द्यावी लागते.

बिटमोजणी
एबीआयबाबत सहमत. 'एमआर्च'बाबत अजूनही नाही.