मदत हवी आहे : उन्हात टायरची हवा ३० वरून ३३ कशी?
नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. बारावीतल्या पोरीने अंगणात उभ्या गाडीच्या टायरला चिकटपट्टीने थर्मामीटर लावला. सकाळी २७ अंश सेल्सिअस, हवा ३० पीएसआय (दाबाचं एकक). दुपारी ४७ अंश, हवा ३३.

तापमानाच्या प्रमाणात हवेचा दाब वाढतो, या नियमात आधी तिने सेल्सिअसच घातले: ३० × ४७ ÷ २७, उत्तर ५२! मग केल्विन (सेल्सिअस + २७३) घेतले: ३० × ३२० ÷ ३०० = ३२. मग वरचा एक पीएसआय कुठला?

हवा मोजायचं गेज बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचाच दाब दाखवतो ना? मग वातावरणाच्या दाबाचे साधारण १४.७ पीएसआय आधी मिळवून शेवटी वजा करायचे का? तसं केलं तर जवळजवळ ३३ येतात. हे बरोबर आहे की माझा जुगाड? तिला पटेल असं कोणीतरी सांगा बुवा, माझं ऐकत नाही.